प्लॅस्टिकखालची चटई

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीतली पायाखालची चटई आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना आधी सुस्कारा टाकतात आणि मग गोड बोलू लागतात. मला ते जमणार नाही. मला राग आला आहे. तो कशाचा, ते सांगून झाले की मी गप्प बसेन.

मी घायपाताची आहे. क्यूबातल्या आमच्या कार्देनास गावाबाहेर घायपाताचे मळे आहेत आणि तिथेच दोरखंडाचा कारखाना आहे. घायपाताच्या पानांतून धागा निघतो. तो वाळवतात, विंचरतात आणि पिळतात. विंचरताना जो आखूड धागा खाली पडतो त्याचा दोर होत नाही. तो बायका घरी नेतात. नेरेइदा तिथे विंचरणीवर कामाला होती. तिने वर्षभर असा धागा पिशवीतून घरी आणला, त्याच्या बोटभर जाडीच्या वेण्या घातल्या आणि वेणीला वेणी लावून दाभणाने मला शिवले. तिची मैत्रीण ओब्दुलिया शेजारच्या घरात राहायची आणि कारखान्यातही तिच्या शेजारीच उभी असायची. ती समोर बसून वेण्या घालायची आणि बोलायची. वेण्या दोघींच्या, शिवण नेरेइदाची. माझ्या कडेला निळ्या कापडाची पट्टी आहे. ती नेरेइदाच्या कामावरच्या जुन्या एप्रनची आहे.

मोटार तिच्या नवऱ्याची, एवेलिओची. एकोणीसशे बावन्न सालची, हिरव्या रंगाची, पांढऱ्या टपाची. त्याच्या वडिलांनी ती चालवली आणि मग त्याने. कार्देनास ते मातान्सास आणि परत, अशी ती रोज माणसे नेते. तिच्यात मुळात चांगला गालिचा होता म्हणतात. तो एवेलिओच्या लहानपणीच झिजून गेला. मग लिनोलियमचे तुकडे आले, मग खोक्यांचे पुठ्ठे. पावसात पुठ्ठ्यांचा लगदा व्हायचा. नेरेइदा म्हणायची, "तुझे प्रवासी उतरताना गाडीचा तुकडा बुटाला लावून घेऊन जातात. एक दिवस तू नुसतं स्टिअरिंग धरून घरी येशील."

म्हणून मी जन्माला आले. पॅडलांच्या दांड्यांसाठी मला दोन चिरा दिल्या. मधल्या उंचवट्यावर बसावे म्हणून तिथे वेण्या सैल ठेवल्या. पहिल्या दिवशी एवेलिओने चपला काढून माझ्यावर पाय ठेवले आणि लगेच वर घेतले. घायपात नवे असताना बोचते. "म्हातारे, ही चटई पाय खाते," तो म्हणाला. "खाऊ दे," ती म्हणाली, "तुझ्या पायांवर बरंच मांस आहे."

मग कामाची वर्षे आली. ती चांगली होती, ते मी नाकारणार नाही. माझ्यावर शिक्षिकांचे बूट आले, परिचारिकांचे पांढरे बूट आले, पोत्यात कोंबडा घेऊन बसलेल्या शेतकऱ्याचे चिखलाचे बूट आले. वाढदिवसाचा केक उघडाच मांडीवर घेऊन बसलेल्या आया आल्या. त्या केकचे क्रीम माझ्यावर सांडायचे आणि एवेलिओ कपाळाला हात लावायचा. दारावर त्याने रंगाने लिहिले होते, "दार हळू लावा. हा घरचा फ्रिज नाही." लोक दार हळू लावायचे, खाली बघायचे आणि विचारायचे, चटई कुठली? एवेलिओ सांगायचा, बायकोने केली. सांगताना तो थोडा ताठ बसायचा.

पण माझे खरे काम माणसांच्या पायांखाली राहण्याचे नव्हते. माझे काम माझ्याखालच्या पत्र्याचे होते. तो पत्रा माझ्या जिवावर टिकायचा. आणि मी नेरेइदाच्या.

कारण नेरेइदा मला उचलायची. मित्रांनो, हे लक्षात ठेवा. ही सगळी गोष्ट या एका कामाची आहे.

पुढच्या काचेच्या कडेचे रबर इतक्या वर्षांत वाळून कडक झाले होते. पाऊस आला की उजव्या कोपऱ्यातून पाणी आत यायचे आणि डॅशबोर्डखालून थेट माझ्यावर उतरायचे. घायपात पाणी पिते. वरून हात लावला तर मी कोरडी लागते आणि खालून ओलीगच्च असते. हे एवेलिओला कधी कळले नाही. तो हात लावायचा आणि म्हणायचा, "आज राहू दे. उद्या ऊन पडलं की आपोआप वाळेल."

"तुझे मोजे आपोआप वाळतात का?" नेरेइदा म्हणायची. "मी दोरीवर टाकते म्हणून वाळतात."

ती मला बाहेर ओढायची, अंगणाच्या भिंतीवर उन्हात टाकायची आणि मोकळ्या पत्र्यावरून तळहात फिरवायची. कुठे खरखर लागली की फडक्याने पुसून तिथे इंजिनातले जुने तेल चोळायची. मग मी वाळले की पुन्हा जागेवर. दर पावसानंतर. वर्षाच्या शेवटच्या दिवशी ती मला बादलीत घालून साबणाने धुवायची. आमच्याकडे त्या रात्री बाराच्या ठोक्याला दारातून बादलीभर पाणी रस्त्यावर फेकतात, म्हणजे सरत्या वर्षाची पीडा जाते. बाकीचे लोक नळाचे स्वच्छ पाणी फेकायचे. नेरेइदा माझे धुतलेले काळे पाणी ठेवायची. ती म्हणायची, वर्षभराची घाण यातच आहे, मग वेगळी कुठून आणू?

पुढे तिला मधुमेह झाला. ओब्दुलियालाही झाला. दोघींना दवाखान्यातल्या परिचारिकेने एकाच दिवशी एकाच बाकावर बसवून सांगितले की गोड बंद, आणि रोज संध्याकाळी पाय नीट बघायचे, खालून-वरून, बोटांच्या मध्ये. स्वतःला वाकता येत नसेल तर घरच्याने बघायचे. साधी जखमही अंगावर काढायची नाही. दोघींनी माना हलवल्या.

त्याच संध्याकाळी कारखान्याच्या फाटकातून दोघी मोटारीत बसल्या. नेरेइदा पुढे, ओब्दुलिया तिच्या मागे. पुढून मागे कागदात गुंडाळलेली पेरूची वडी गेली आणि मागून पुढे चीजचा तुकडा आला. एवेलिओ रस्त्याकडे बघत होता. वडीचे आणि चीजचे कण माझ्यावर पडले. मग हे रोजचेच झाले. माझ्यात मुंग्या झाल्या. एवेलिओ प्रवाशांवर चिडला आणि म्हणाला की गाडीत खाऊ नये अशी पाटी लावतो. ती पाटी नेरेइदानेच रंगवून दिली. रंगवताना तिच्या गालात वडी होती.

तुम्ही हसाल. मीही तेव्हा हसले असते. आता मला हसू येत नाही.

नेरेइदा मोटारीत बसली की चपला काढायची आणि उघडे तळपाय माझ्यावर टेकवायची. तिचे पाय मला ओळखीचे होते. एका ऑगस्टमध्ये तिने चपला सोडल्या आणि बंद बूट घालू लागली. बूट काढेना. मग उजवी टाच माझ्यावर टेकवायची बंद झाली, नुसता चवडा टेकायचा. मग एक दिवस त्या बुटातून ओल आली. ती पावसाची नव्हती. पावसाची ओल मला कळते.

सगळ्यांच्या आधी मला कळले, मित्रांनो. आणि मला तोंड नाही.

एवेलिओने तिला लंगडताना पाहिले. त्याने विचारले, नाही असे नाही. ती म्हणाली, "बूट नवा आहे. चावतोय."

"दोन दिवस चावेल, मग सैल होईल," तो म्हणाला, आणि त्याने रेडिओ मोठा केला.

त्याच दिवसांत त्याची एक बनियन हरवली. त्याने ती दोरीवर शोधली, पेटीत शोधली, ओब्दुलियाच्या दोरीवरसुद्धा बघून आला. आठवडाभर त्याचे तेच चालले होते, बनियन कुठे गेली, बनियन कुठे गेली. नेरेइदा म्हणाली, वाऱ्याने गेली असेल. एका बनियनसाठी त्याने दोन घरे पालथी घातली. बायकोचा एक बूट काढून बघितला नाही.

माझा राग त्याच्यावर आहे आणि तिच्यावरही आहे. माणूस गेला म्हणजे त्याच्यावर रागवायचे नाही, असे लोक म्हणतात. मी का रागवू नये? माझ्याखालचा पत्रा ती दर पावसानंतर हाताने चाचपायची. तो गंजला तर किती दिवसांत भोक पडते, हे तिला पक्के ठाऊक होते. आणि स्वतःचा पाय तिने मोज्यात घालून झाकून ठेवला. कशासाठी? वडी बंद होईल म्हणून? नवरा घाबरेल म्हणून? मला माहीत नाही. तिने कोणालाच सांगितले नाही.

शेवटी ताप चढला तेव्हा एवेलिओने पाय बघितला. मातान्सासच्या इस्पितळात नेताना ती पुढेच बसली होती. पाय टॉवेलमध्ये होता आणि टॉवेल माझ्यावर. एवेलिओने त्या दिवशी वाटेत एकही प्रवासी घेतला नाही. तिथे तिचा पाय गुडघ्याखालून काढला. त्यानंतर एकोणीस दिवसांनी ती गेली.

एवेलिओ तिचे कपडे एका कापडी पिशवीत घालून परत आला. ती पिशवी त्याने पुढच्या सीटवर, तिच्या जागेवर ठेवली. ती मग तिथेच राहिली. कोणी प्रवासी विचारायचा, इथे कोण बसतंय? एवेलिओ म्हणायचा, "बसलेलंच आहे." लोक मागे जाऊन दाटीवाटीने बसायचे.

आणि मग त्याने मला जपायला घेतले.

त्याने कुठून तरी नव्या गादीवरचे जाड प्लॅस्टिक आणले. ते माझ्यावर ताणून बसवले, दारांच्या उंबऱ्याच्या पट्ट्या उघडून त्याच्या कडा खाली घातल्या आणि पट्ट्या पुन्हा स्क्रूने आवळल्या. आता माझ्यावर कोणाचा बूट लागणार नव्हता. निळी पट्टी मळणार नव्हती. प्लॅस्टिकमधून मी चकचकीत दिसायची. मागून वाकून लोक बघायचे आणि म्हणायचे, काय जपलंय या माणसाने, याला म्हणतात प्रेम.

याला प्रेम म्हणतात? पाऊस त्या प्लॅस्टिकवर पडत नव्हता. तो डॅशबोर्डखालून, प्लॅस्टिकच्या कडेआडून, माझ्याखाली शिरायचा. आत यायला त्याला वाट होती. बाहेर जायला नव्हती. उकाड्यात प्लॅस्टिकला आतून घाम यायचा आणि तो पुन्हा माझ्यावर टपकायचा. पहिल्या महिन्यात मला बुरशी आली. सहा महिन्यांत माझ्या वेण्या काळ्या पडल्या. मी पत्र्याला ओली चिकटून होते आणि तो माझ्यामुळे गंजत होता. ज्याला वाचवायला मला शिवले, त्यालाच मी खात होते. त्याचा पापुद्रा पापुद्रा सुटताना मला रोज कळत होता. आणि वरून तो माणूस रोज सकाळी फडक्याने प्लॅस्टिक पुसायचा. हळुवारपणे पुसायचा. मला त्या हाताची शिसारी आली होती.

उचल, असे मला ओरडायचे होते. पुसू नकोस, उचल. फेकून दे मला, पण एकदा उचल.

दोन पावसाळे असे गेले. वर्षाचे शेवटचे दिवस दोनदा आले. मला कोणी धुतले नाही.

मग नोव्हेंबरात एका दुपारी ओब्दुलिया मातान्सासच्या थांब्यावर अर्वीसारख्या कंदांचे पोते घेऊन उभी होती. पाऊस होता आणि मागच्या सीटवर बोट शिरायला जागा नव्हती. दुसऱ्या कोणाला एवेलिओ नाही म्हणाला असता, तिला म्हणता आले नाही. तिने सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि नेरेइदाच्या जागेवर बसली. पायांत नेहमीच्या चपला होत्या. बसताना तिने प्लॅस्टिककडे बघितले आणि नाक आक्रसले. "कसला वास येतोय?" ती म्हणाली. तो म्हणाला, पावसाचा.

गावात शिरताना गल्लीतून एक घोडागाडी मध्ये आली. एवेलिओने जोरात ब्रेक दाबला. शेजारी बसलेला माणूस अशा वेळी काय करतो, तुम्हाला ठाऊक आहे. आपल्याच पायाखाली ब्रेक असल्यासारखा पाय दाबतो. ओब्दुलियाने दाबला. प्लॅस्टिक फाटले, मी फाटले, पत्रा फाटला आणि तिचा पाय घोट्यापर्यंत रस्त्यावर लोंबू लागला.

घोडा निघून गेला.  ओब्दुलिया म्हणाली, "मला उतरायचंच होतं रे एवेलिओ, पण दारातून."

मागचे लोक हसले. तिने पाय हळूच वर ओढला. गंजलेल्या कडेने घोट्याच्या वर चांगलेच सोलले होते. तिने डोक्याचा रुमाल सोडून त्यावर बांधला.

आणि एवेलिओ काय करत होता? तो वाकून मला बघत होता. फाटलेल्या वेण्या बोटांनी जुळवत होता.

"खरचटलंय जरा," ती म्हणाली.

"चटई फाटली," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे थोडा वेळ बघितले. "हो," ती म्हणाली. "चटई फाटली."

दुसऱ्या दिवशी त्याने मोटार ओरेस्तेसकडे नेली. ओरेस्तेस गावात पत्र्याचे काम करतो. तो पाठीवर झोपून मोटारीखाली गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मग तिथूनच म्हणाला, "कोंपाय, दोस्ता, मला इथून तुझं स्टिअरिंग दिसतंय."

एवेलिओने सांगितले की चटईला हात लावायचा नाही. पत्रा खालून लावायचा.

"कशाला लावू?" ओरेस्तेस म्हणाला. "पत्रा जोडायला पत्रा लागतो. इथे तुझी चटई आहे आणि हवा आहे. आणि वर घायपात ठेवून मी खालून ज्योत लावली, तर तुझी चटई, तुझी गाडी आणि माझ्या भुवया, तिन्ही जातील."

त्याने हेही सांगितले की मधला आडवा सांगाडा अजून शाबूत आहे, पण गंज त्याच्यापर्यंत आला आहे. आणखी एक पावसाळा गेला की ही मोटार मधून मोडेल आणि मग तिचे फक्त दरवाजे विकता येतील. ती मोटार गेली तर एवेलिओकडे दुसरे काही नाही. वडिलांची तीच, पोटाची तीच आणि नेरेइदाचीही तीच.

हे ऐकून एवेलिओने काय केले असेल? त्याने मोटार घरी आणली आणि भोकावर एक फळी टाकली. प्लॅस्टिकखाली मी, प्लॅस्टिकवर फळी. आणि तीन दिवस तसाच प्रवासी नेत राहिला.

चौथ्या दिवशी ओब्दुलिया अंगणात आली. एवेलिओ फडके घेऊन प्लॅस्टिक पुसत होता. तिने फळी पाहिली.

"किती वेळा उचललीस?" तिने विचारले.

"काय?"

"चटई. ती गेल्यापासून किती वेळा उचललीस?"

तो म्हणाला की त्याने ती जपली आहे, कोणाचा पायसुद्धा लागू दिलेला नाही.

"जपण्याचं कोण विचारतंय? मी उचलण्याचं विचारतेय. नेरेइदा दर पावसानंतर ही भिंतीवर टाकायची. माझ्या स्वयंपाकघरातून ती भिंत दिसते. दोन वर्षं मी रिकामी भिंत बघतेय."

तो म्हणाला, जे तिचे आहे त्याला मी हात लावणार नाही. तेव्हा ओब्दुलिया ते बोलली.

"तिचा पायही तू असाच जपलास. न बघता."

एवेलिओच्या हातातले फडके तसेच राहिले. ओब्दुलियालाही आपण काय बोललो ते कळले. ती घराच्या पायरीवर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "मीही बघितला नाही. मी मागच्या सीटवर होते. वडी खात होते."

 मग एवेलिओ घरात गेला आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला.

पट्ट्या निघाल्या. प्लॅस्टिक निघाले. वास असा आला की त्याने तोंड फिरवले. मग त्याने दोन्ही हात माझ्याखाली घातले आणि मला उचलले. मी मधून तुटले. पॅडलांकडचा अर्धा भाग त्याच्या हातात चिखलासारखा आला. नेरेइदाच्या बाजूचा उजवा अर्धा फाटका असूनही कसाबसा एकत्र राहिला. खाली पत्रा नव्हताच. तांबडे पापुद्रे होते आणि मधून अंगणातली फरशी दिसत होती.

सीटच्या पायाजवळ, जिथे माझी कड आत दुमडलेली असायची, तिथे तीन कागद होते. पेरूच्या वडीचे. आणि कापडाची एक घडी होती. ती त्याने उलगडली. पांढऱ्या कापडाची लांब पट्टी, मधोमध वाळलेला तपकिरी डाग. एका टोकाला काखेची शिवण होती आणि तिच्यावर लाल दोऱ्याचे टाके होते. ते टाके नेरेइदाचे. पांढरा दोरा संपला होता तेव्हा घातलेले.

"वाऱ्याने गेली म्हणाली होती," एवेलिओ म्हणाला.

 ती पट्टी मांडीवर घेऊन तो मोटारीच्या उंबऱ्यावर बसून राहिला. मला दोन वर्षांनी ऊन लागत होते आणि माझा राग कमी झाला नव्हता. पण त्या माणसाकडे बघवत नव्हते, हेही सांगते.

पुढचे काम ओरेस्तेसने केले. तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून त्याने मोटारीचा तळ नवा केला, वर लाल रंग आणि त्यावर डांबर दिले. काचेचे रबर बदलले. माझे उरलेसुरले तुकडे पुठ्ठ्यावर जुळवून मांडले आणि खडूने माझी आकृती काढली. त्या मापाने बंद पडलेल्या साखर कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्याचे जाड रबर कापून नवी चटई केली. ओरेस्तेस डांबराचा डबा घेऊन चिकटवायला निघाला. सगळे तसेच करतात, म्हणजे ती पॅडलखाली सरकत नाही.

"चिकटवायची नाही," एवेलिओ म्हणाला. "उचलता आली पाहिजे. एका हाताने." त्याने चार कोपऱ्यांना बटणे लावून घेतली. आणि माझ्या चांगल्या राहिलेल्या भागातली एक वेणी उसवून नव्या चटईच्या कडेला तिची मूठ शिवली, धरून उचलायला. दाभण नेरेइदाचेच होते.

माझा उजवा अर्धा उरला. तो त्याने भिंतीवर टांगायचे ठरवले, तिच्या फोटोशेजारी. खिळा ठोकला. आणि काय सांगू, तो पुन्हा तेच जुने प्लॅस्टिक घेऊन आला. मी संतापाने ताठ झाले. त्याने प्लॅस्टिक माझ्यावर धरले. मग तो तसाच उभा राहिला. मग त्याने प्लॅस्टिक खाली टाकले, खिळा उपटला आणि मला दाराच्या पायरीवर अंथरले. मी पुन्हा पायांखाली आले. माझी जागा तीच आहे.

त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी, दुपारी, तो पायरीवर बसून मला बादलीत धूत होता. तीन वर्षांचे काळे पाणी सुटत होते. ओब्दुलिया काळ्या घेवड्याच्या भाताचे पातेले घेऊन आली. तिच्या पायांत बंद बूट होते. ओब्दुलियाच्या पायांत मी चपलांशिवाय काही पाहिले नव्हते. ती पायरीपाशी थांबली आणि उजवा पाय न टेकता उभी राहिली.

एवेलिओने वर बघितले. "पायाला काय झालं?"

"काही नाही. बूट नवा आहे. चावतोय."

त्याचे हात पाण्यात होते. ते तिथेच थांबले.

"बस," तो म्हणाला.

"कशाला? भात गार होतोय."

"होऊ दे. बस आणि बूट काढ."

"या वयात शेजारणीचे पाय बघतोस? गल्ली काय म्हणेल?"

"गल्लीला बोलव. बूट काढ, ओब्दुलिया. मोजा पण."

तिने चेष्टा करून पाहिली, मग चिडून पाहिले, मग म्हणाली, उद्या बघू. तो उठला नाही. शेवटी तिने बूट काढला. मोज्याखाली तोच डोक्याचा रुमाल बांधलेला होता, मोटारीत बांधलेला. एवेलिओने हात पँटला पुसले, तिचा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला आणि रुमाल सोडला. घोट्याच्या वरची जखम मिटली नव्हती. भोवती लाल होते आणि मधे पिवळे. तो वाकून बघत होता. खालून बघितले, वरून बघितले, बोटांच्या मध्ये बघितले.

"त्या दिवसापासून?" त्याने विचारले.

"त्या दिवसापासून," ती म्हणाली. आता ती चेष्टा करत नव्हती. "एवेलिओ, मला भीती वाटली रे."

"मी तेव्हा चटई बघत होतो," तो म्हणाला.

मग तो उठला. पुढच्या सीटवरची नेरेइदाची पिशवी उचलून घरात ठेवून आला. ओब्दुलियाला धरून त्या जागेवर बसवले, दार हळू लावले आणि मोटार सरळ दवाखान्याकडे नेली.

जखम साफ करून बांधली. पुढे महिनाभर रोज पट्टी बदलायला तोच तिला नेत होता. पाय वाचला. ओब्दुलिया आता पुन्हा चपला घालून फिरते आणि एवेलिओ रोज संध्याकाळी पाय बघायला येतो म्हणून गल्लीभर तक्रार करते.

त्या वर्षअखेरच्या रात्री आमच्या दारातून पाणी फेकले गेले नाही. फेकायला घरी कोणी नव्हते, दोघे दवाखान्यात होते. मी अर्धी धुतलेली, काळ्या पाण्यात, दोन दिवस बादलीत पडून होते. ओली राहिले आणि मला राग आला नाही, असे आयुष्यात एकदाच झाले. ते तेव्हा.

तुमचा मात्र राग येतो. तुमच्या घरीही प्लॅस्टिक आहे, मला माहीत आहे. टीव्हीच्या रिमोटवर आहे, नव्या सोफ्यावर आहे. ते तुम्ही रोज पुसता. पुसा. पण घरात कोणी काही दिवस वेगळेच चालत असेल, आणि विचारल्यावर म्हणत असेल की काही नाही, बूट चावतोय, तर ते ऐकून घेऊन रेडिओ मोठा करू नका. जमिनीवर बसा. त्या माणसाचा पाय मांडीवर घ्या आणि मोजा काढा. तो रागावेल, हसेल, उद्या बघू म्हणेल.

आज बघा.